जुनी बुलेट घ्यावी की नवी गाडी? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या साताऱ्यातील घरी वडिलांनी १९८४ साली घेतलेली बुलेट आजही चालू स्थितीत आहे आणि तिच्या शेजारी तीन वर्षांपूर्वी घेतलेली नवी ३५० सीसीची मोटरसायकलही उभी असते. या दोन्ही गाड्या मी नियमित चालवत असल्यामुळे नात्यातील, कामावरील आणि ओळखीपाळखीतील अनेक जण गाडी घेण्यापूर्वी माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात आणि उत्तरेही पुष्कळदा तीच द्यावी लागतात, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत.

“जुनी” आणि “नवी” असे आपण म्हणतो तेव्हा नेमक्या कोणत्या गाड्या अभिप्रेत असतात?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो, कारण “मला क्लासिक गाडी हवी” असे म्हणणाऱ्या दोन माणसांच्या मनात पुष्कळदा दोन निराळ्या गाड्या असतात. खरोखर जुन्या गाड्या म्हणजे कास्ट आयर्न (ओतीव बिडाच्या) इंजिनाची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेल्या जावा आणि येझदी, किंवा १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली यामाहा आरएक्स १००. यांना कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे, किक आहे, आणि संगणकीय असे काहीही नाही. दुसरी पिढी २००९ ते २०२० या काळातील रॉयल एनफिल्डच्या बुलेट आणि क्लासिक या मॉडेलांची. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले. तिसरी पिढी म्हणजे दिसायला जुन्या, पण आतून पूर्णपणे नव्या गाड्या: २०२१ पासूनची क्लासिक ३५०, २०२३ पासूनची बुलेट ३५०, होंडाची सीबी ३५० आणि नव्याने आलेली जावा. चाकणला तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० हीदेखील आता याच ग्राहकासमोर उभी असते.

टाकीच्या आकारावर किंवा गोल दिव्यावर मन बसले असेल, तर तिसऱ्या पिढीतील गाडी ती हौस पूर्ण करते. किक मारण्यापासून चेनला तेल घालण्यापर्यंत सर्व काही स्वतः करण्याची ओढ असेल, तरच पहिल्या पिढीकडे वळावे.

रोज कामावर जाण्यासाठी घरात ही एकच गाडी असणार असेल तर?

नवी घ्यावी. या उत्तरात मी कधीही बदल करत नाही. सकाळी सातच्या पाळीला पोहोचायचे असताना पावसाच्या ओलीमुळे ठिणगी देणारे पॉइंट धरत नाहीत म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहण्याची वेळ आठवड्यातून एकदा जरी आली, तरी माणसाला त्या गाडीचा राग येऊ लागतो, आणि जुन्या गाडीचा राग येऊ लागला की तिची निगा राखणे थांबते. घरात दुसरे वाहन असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

जुन्या बुलेटच्या आणि नव्या गाडीच्या इंजिनांत खरा फरक काय आहे?

इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीची बुलेट १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून भारतात आली आणि तिचे मूळ इंजिन लहानमोठ्या सुधारणांसह २०१० च्या सुमारापर्यंत चेन्नईत तयार होत राहिले. ते ३४६ सीसीचे आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ९० मिलिमीटर. स्ट्रोक लांब असल्यामुळे आणि फ्लायव्हील जड असल्यामुळे ते सावकाश फिरते आणि कमी वेगातही ओढ सोडत नाही. ज्या धडधडीवर माणसे जीव टाकतात, ती या रचनेतूनच येते. या इंजिनात इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनाची शक्ती क्लचकडे नेणाऱ्या चेनचा डबा) आणि गिअरबॉक्स यांचे वंगण वेगवेगळे असते, टॅपेट (वाल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट) हाताने लावावे लागतात, आणि ठिणगी देणारे पॉइंट ठरावीक अंतराने साफ करून त्यांचा गॅप तपासावा लागतो. ज्याला हे काम आवडते, त्याला रविवारचा दीड तास कमी पडतो.

नव्या क्लासिकचे इंजिन ३४९ सीसीचे आहे. बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर. म्हणजे लांब स्ट्रोकचा स्वभाव जाणीवपूर्वक राखला आहे. त्यातून मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना सुमारे २० अश्वशक्ती आणि ४,००० फेऱ्यांना २७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. वाल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट वर, सिलिंडरच्या हेडवर गेला आहे, पेट्रोल इंजेक्शनने येते, आणि कंपन कमी करण्यासाठी आत वेगळा संतुलन शाफ्ट बसवला आहे. शेवटच्या गोष्टीचा परिणाम सर्वांत अधिक जाणवतो. जुन्या गाडीवर महामार्गाने ताशी ८० किलोमीटरने कऱ्हाडपर्यंत गेले की तळहातांना मुंग्या येतात आणि आरशात मागचा ट्रक थरथरताना दिसतो. नव्या गाडीवर त्याच वेगाने बेळगावपर्यंत गेले तरी हात ताजे राहतात.

एक उणीव नव्या गाडीचीही सांगायला हवी. तिला किक नाही. बॅटरी पूर्णपणे उतरली, तर इंधनपंप आणि इंजेक्शन चालत नाहीत, आणि मग धक्का मारूनही ती चालू होईलच असे नाही. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर बॅटरी चार्ज ठेवण्याची व्यवस्था करावी.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो. त्याची सवय होते का?

होते, आणि लवकर होते. अडचण सवय होण्याची नसून दोन गाड्या आलटून पालटून चालवण्याची आहे. जुन्या बुलेटला उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक आहे, शिवाय पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. संथ रस्त्यावर डोके हे सर्व लक्षात ठेवते. अचानक कोणी आडवे आले की मात्र पाय आपल्या जुन्या सवयीनेच हलतो. पसरणी घाटात एका वळणावर मी ब्रेक समजून उजवा पाय दाबला आणि गिअर बदलला गेला. समोरचा टेम्पो वेळेवर थांबला म्हणून निभावले. तेव्हापासून मी दोन गाड्यांमध्ये बदल केला की पहिले दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर सावकाश जातो आणि पाच-सहा वेळा मुद्दाम ब्रेक लावून पाहतो. घरातील अनेक जण एकच गाडी वापरणार असतील, तर उजव्या गिअरची गाडी घेऊ नये. डाव्या गिअरच्या जुन्या बुलेटही मिळतात.

आमच्याकडे चहूकडे घाट आहेत. घाटात कोणती गाडी बरी?

चढताना दोन्ही बऱ्या आहेत. खरी परीक्षा उतरतानाच होते. यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना किंवा कुंभार्लीतून वर येताना जुनी बुलेट तिसऱ्या गिअरवर ज्या शांतपणे चढते, त्यात एक समाधान आहे आणि ते मी नाकारणार नाही. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत हवा थोडी विरळ होते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण किंचित जास्त होऊन ती जराशी जड वाटते. इंजेक्शनची गाडी हे प्रमाण स्वतःच जुळवून घेते. हा फरक मात्र फार मोठा नाही.

उतारावर जुन्या गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात. अंबेनळी घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतो, ब्रेकशूची पकड कमी होते आणि लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून जुनी गाडी घाट ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. जुलै महिन्यात धुक्यात, ओल्या पानांवरून आणि शेवाळलेल्या वळणांवरून उतरताना चाक न घसरता थांबणे याची किंमत ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात नियमितपणे कोकणात उतरणाऱ्याने एबीएस असलेलीच गाडी घ्यावी, आणि शक्य असल्यास दोन्ही चाकांना एबीएस असलेली घ्यावी.

रात्रीच्या प्रवासाचे काय?

या प्रश्नाकडे ग्राहक दुर्लक्ष करतात, म्हणून मी तो आवर्जून येथे घेतला आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सांगली आणि कऱ्हाड परिसरातील रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने झाकलेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात अजिबात दिसत नाही. जुन्या बुलेटचा दिवा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर मंद आणि प्रखर होतो. गाडी सावकाश चालवावी तेव्हाच, म्हणजे गरज असते त्याच वेळी, तो मंद असतो. चांगले वायरिंग, दिव्यातला नवा रिफ्लेक्टर आणि रिले बसवून त्यात पुष्कळ सुधारणा होते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने रंगकामापूर्वी हा खर्च करावा. तरीसुद्धा रात्रपाळी करणाऱ्या माणसाला मी जुनी गाडी सुचवत नाही.

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

आपला पट्टा उसाचा असल्यामुळे हा प्रश्न येथे जरा अवघडून विचारला जातो, कारण विचारणाऱ्याच्या घरचाच ऊस कुठल्या तरी कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पात गेलेला असतो. उसाला चांगला भाव मिळावा हे मलाही वाटते. पण गाडीच्या दृष्टीने जे खरे आहे, ते सांगितले पाहिजे.

एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कातील भाग या पेट्रोलला टिकतील असे बनवलेले असतात. त्याआधीच्या, विशेषतः तीस-चाळीस वर्षांच्या गाड्यांचे तसे नाही. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा कडक होऊन चिरते. त्यामुळे पेट्रोलचा पाइप, कॉकचे वायसर आणि कार्ब्युरेटरमधील पॅकिंग खराब होतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पावसाळ्यात टाकी अर्धवट भरून गाडी दोन महिने उभी राहिली, तर पाणी तळाशी जाऊन टाकीला आतून गंज धरतो. तिसरी गोष्ट अशी की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी लावलेला कार्ब्युरेटर त्यामुळे थोडा कोरडा (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतो, इंजिन जास्त तापते आणि अॅव्हरेजही काहीसा घटतो.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. इथेनॉलला टिकणारा पाइप बसवावा, वायसर बदलून घ्यावेत, अनुभवी मिस्त्रीकडून मेन जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र) एक नंबर वाढवून प्लगचा रंग पाहून घ्यावा. गाडी उभी करायची असेल तेव्हा घराजवळ आल्यावर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यावा. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा. मी चार वर्षांपूर्वी हे सर्व करून घेतले आणि वडिलांच्या गाडीला त्यानंतर पेट्रोलमुळे त्रास झालेला नाही.

सांगलीत जुनी गाडी घेताना पुराची भीती बाळगावी का?

अवश्य बाळगावी. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली शहरातील आणि नदीकाठच्या गावांतील असंख्य दुचाक्या दिवस-दिवस पाण्याखाली राहिल्या. त्यांतील अनेक धुऊन, रंगवून पुन्हा विकल्या गेल्या. माझ्या मामेभावासाठी मी अशीच एक गाडी पसंत केली होती. विकणाऱ्याने ती “एकहाती, सावलीत उभी” असल्याचे सांगितले, बाहेरून ती नव्यासारखी चमकत होती, आणि मीही नीट न पाहता होकार दिला. पंधरा दिवसांनी वायरिंगच्या तक्रारीसाठी पुढचा दिवा उघडला, तेव्हा आत वाळलेल्या काळ्या गाळाचा बोटभर थर निघाला. पुढील वर्षभरात बेअरिंग, वायरिंग आणि शेवटी क्रँक या सर्वांवर खर्च करावा लागला. तो सल्ला माझा होता, त्यामुळे त्यातील निम्मा खर्च मी दिला.

म्हणून आता पाहणी करताना मी दिव्याची वाटी उघडून पाहतो, सीट काढून खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवतो, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते तपासतो, काट्यांच्या काचेच्या आत ओलाव्याचा डाग दिसतो का ते बघतो, आणि इंजिन ऑइल दुधाळ नाही याची खात्री करतो. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ फार क्वचित धुतला जातो. खरा पुरावा पुष्कळदा तिथेच सापडतो. विकणारा दिव्याचा एक स्क्रू काढू देण्यास नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात घालावी लागते, हे खरे आहे का?

आपल्या जिल्ह्यांतील खासगी मोटरसायकलींच्या बाबतीत हे खरे नाही. वयाच्या मर्यादेवरून गाड्या बंद करण्याची जी चर्चा ऐकू येते, ती दिल्ली आणि तिच्या परिसराविषयीची आहे. आपल्याकडे नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली की परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि ते दर वेळी पाच वर्षांसाठी मिळते. त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क मधल्या काळात वाढवले गेले आहे, त्यामुळे जुनी गाडी ठरवण्याआधी त्या दिवसाचा आकडा कार्यालयातून किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून पाहून घ्यावा.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण जुन्या गाडीत इंजिनापेक्षा कागदांनी फसवलेली माणसे मी जास्त पाहिली आहेत. आरसी बुकवरील चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावेत; नंबराच्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सातारा म्हणजे एमएच ११, कऱ्हाड एमएच ५० आणि सांगली एमएच १०. राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करून घेणे तुलनेने सोपे आहे. कर्नाटक पासिंगची गाडी मिरज भागात स्वस्तात मिळते, पण तिच्यासाठी तेथील कार्यालयाचा ना हरकत दाखला, येथील कर आणि नवा नंबर हे सर्व धरले, तर तो स्वस्तपणा बहुतेक वेळा उरत नाही. “फॉर्मवर सही देतो, नावावर नंतर करा” असे म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून घ्यावी लागते, तीही झाली आहे का ते विचारावे.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे नियम वेगळे आहेत का?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांनी नेहमीच्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा.

जुन्या गाडीसाठी मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात का?

बुलेटचे मिळतात, आणि पुढेही बराच काळ मिळतील, कारण मूळ रचना अनेक दशके जवळजवळ तीच राहिल्यामुळे पिस्टनपासून केबलपर्यंत सर्व काही आजही तयार होते. या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत लेथ, ओतकाम आणि बोअरिंग यांची जी परंपरा आहे, तिच्यामुळे रिबोअर करणे, वाल्व्ह बसवणे किंवा एखादा न मिळणारा बुश बनवून घेणे येथे अवघड जात नाही. साताऱ्यातही महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे, आणि दुचाकीची जाण असलेल्या कामगारांची एक पिढी त्या काळात घडली.

तरीही मी येणाऱ्याला एकच सांगतो: आधी मिस्त्री ठरवा, मग गाडी ठरवा. पॉइंटचा गॅप हाताच्या अंदाजाने लावणारी, इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ओळखणारी माणसे आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्याकडे शिकणारी मुले थोडी आहेत. आपल्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असा माणूस नसेल, तर कास्ट आयर्न इंजिनाची गाडी घेऊ नये. असेल, तर गाडी घेण्याआधीच त्याला सोबत न्यावे, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि त्याने नको म्हटले तर ऐकावे. नव्या गाडीचे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच होते. इंजेक्शनचा दोष शोधण्यासाठी तेथील यंत्र लागते, आणि जत किंवा आटपाडीसारख्या भागातील माणसाने तेही अंतर हिशेबात धरावे.

जावा, येझदी किंवा आरएक्स १०० घ्यावी का?

जुन्या जावा आणि येझदी या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या आहेत; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, आणि किक व गिअरची दांडी एकच असते. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. सुटे भाग मिळतात, पण त्यांच्या प्रतीत फार फरक असतो. आरएक्स १०० विषयी माझे मत थोडे कडक आहे: तिची किंमत आता गाडीची राहिलेली नसून आठवणींची झाली आहे. ज्याने कॉलेजच्या दिवसांत ती चालवली, त्याने ती जरूर घ्यावी. केवळ आवाज ऐकून मोहात पडलेल्या विशीतल्या मुलाने घेऊ नये, कारण ९८ सीसीच्या त्या हलक्या गाडीचा पिकअप तिच्या ब्रेकच्या मानाने फार जास्त आहे.

२००९ ते २०२० च्या मधल्या गाड्यांचे काय?

मला विचाराल, तर निम्म्या लोकांसाठी हेच योग्य उत्तर आहे. या काळातील क्लासिक ३५० आणि बुलेट ३५० यांना २०२० मध्ये इंजेक्शन येईपर्यंत कार्ब्युरेटर आहे, किक आहे, बहुतेकींना सेल्फही आहे, गिअर डाव्या पायाला आहे, आणि हायड्रॉलिक टॅपेटमुळे वारंवार टॅपेट लावण्याचे काम उरलेले नाही. आवाज आणि कंपन दोन्ही जुन्याच्या जवळचे आहेत. कोणताही सराईत मिस्त्री त्यांचे काम करतो. त्यातही २०१८ च्या अखेरीपासूनची, मागेही डिस्क आणि एबीएस असलेली गाडी मिळाली, तर ती आधी पाहावी. क्लासिक ५०० घेणाऱ्याने मात्र तिला सुरुवातीपासून इंजेक्शन आहे हे ध्यानात ठेवावे.

सायलेन्सर बदलून नव्या गाडीला जुन्यासारखा आवाज करता येईल का?

करू नये. परवानगीशिवाय असा बदल करणे मोटर वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर पोलीस जप्त करून त्यांवरून रोलर फिरवतात. शिवाय जुन्या बुलेटचा मूळ आवाज कधीच कर्कश नव्हता.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

नव्या गाडीच्या बाबतीत एक सोयीची गोष्ट घडली आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यापेक्षा मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे ३४९ सीसीची क्लासिक आणि ३९८ सीसीची ट्रायम्फ यांच्यातील कराचा फरक लक्षात घेण्याइतका मोठा आहे. नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो.

जुन्या गाडीसाठी मी असा नियम पाळतो की खरेदीच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला काढून ठेवावी, आणि ती ठेवणे शक्य नसेल तर गाडी घेऊ नये. इंजिनाचे पूर्ण काम निघाले, तर तीही अपुरी पडते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातील किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे हजारो रुपये घालून सुंदर केलेल्या गाडीला चोरीनंतर भंगाराच्या जवळपासची भरपाई मिळू नये, यासाठी खर्चाच्या पावत्या आणि छायाचित्रे दाखवून ती किंमत आधीच ठरवून घ्यावी. पेट्रोलच्या बाबतीत फारसा फरक नाही. जुनी बुलेट नीट लावलेली असेल, तर लिटरला ३० ते ३५ किलोमीटर देते, आणि नवी त्याहून किंचित बरी असते.

वडिलांची गाडी गोठ्याशेजारी दहा वर्षे पडून आहे. ती विकून नवी घ्यावी का?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा “नको” हे उत्तर ऐकण्यासाठीच आलेला असतो, आणि माझेही उत्तर तेच आहे. बाजारात अशा गाडीला मिळणारी रक्कम नव्या गाडीच्या किमतीत फार थोडी भर घालते. ज्या गाडीचा इतिहास आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, अशी जुनी गाडी मात्र पैसे देऊनही मिळत नाही. नवी घ्यायची असेल तर घ्यावी, पण ही ठेवून घ्यावी.

वडील हयात नसतील, तर आधी कागद हाती घ्यावेत. मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या संमतीसह फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करता येते. त्यासाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे, आणि ती उलटून गेली असेल तर दंड भरून काम करून घ्यावे लागते. त्यानंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि विमा.

गाडीजवळ गेल्यावर लगेच किक मारू नये. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो, आणि जोराने फिरवल्यास पिस्टनच्या रिंगा तुटतात किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात. प्लग काढून भोकातून दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि दोन दिवस तसेच राहू द्यावे. तोवर टाकीतील जुने पेट्रोल काढावे, टाकी धुऊन आतला गंज पाहावा, कार्ब्युरेटर खोलून साफ करावा, तिन्ही ठिकाणचे ऑइल बदलावे, क्लचच्या चिकटलेल्या प्लेटा सुट्या कराव्यात आणि ब्रेकशू व टायर नवे घालावेत. टायरवर नक्षी दिसत असली तरी दहा वर्षांत रबर कडक झालेले असते. तिसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून किकची दांडी हाताने हळूहळू दाबावी. ती अडली, तर जोर न लावता मिस्त्रीला बोलवावे. मोकळी फिरली, तर पॉइंट साफ करावेत, नवा प्लग आणि नवी बॅटरी लावावी, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणावा आणि मग एकच पूर्ण किक मारावी. आमच्या गाडीने सातव्या किकेला आवाज दिला, तेव्हा आई हातातले काम टाकून ओसरीवर आली होती.